ख्रिस्ती रूपकाच्या अद्भुतकथा वाचकाला का धरून ठेवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने नार्नियाची सातही पुस्तकं दोन महिन्यांत संपवली आणि आता पहिल्यापासून पुन्हा सुरू केली आहेत. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘त्यातला सिंह म्हणजे येशू. सगळा धर्मप्रचार आहे.’ मी दोन पुस्तकं चाळली, मला तसं काही जाणवलं नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. मग तिला त्यात एवढं काय सापडलंय? ख्रिस्ती नसलेल्यांनाही अशा गोष्टी का आवडतात?”

गृहस्थांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अस्लान हा सिंह कुणावरून आला हे नार्नियाचे लेखक सी. एस. लुईस यांनी कधी लपवलं नाही. पण तुमच्या मुलीला जे सापडलंय ते दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि ते काय असावं याचा मला थोडाफार अंदाज आहे. एकतीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं. जॉन बन्यन यांचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हे जुनं ख्रिस्ती रूपक अभ्यासक्रमात असायचं तेव्हा “हे कशाचं प्रतीक, ते कशाचं प्रतीक” असा तक्ता फळ्यावर काढून मी मागची बाकं झोपवलेली आहेत. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी आमच्या वाचनालयात पंधरा-वीस पोरं जमवून मोठ्याने वाचते. इंग्रजी वाचायचं, अडेल तिथे मराठीत सांगायचं. तिथे तक्ता नसतो आणि कुणी झोपत नाही. एवढ्यावरूनच मला पहिली गोष्ट कळली: यातल्या चांगल्या गोष्टी धर्म समजावत बसत नाहीत, तो अंगाला जाणवून देतात. जिभेला, पाठीला, मानेला, कातडीला.

जिभेपासूनच सांगते. पहिल्या पुस्तकात, म्हणजे १९५० साली आलेल्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये, एडमंड नावाचा मुलगा कपाटातून बर्फाळ नार्नियात पोचतो. तिथली चेटकीण राणी त्याला घसरगाडीत जवळ बसवून घेते आणि विचारते, काय खायला आवडेल? तो म्हणतो, टर्किश डिलाइट. हिरव्या रेशमी फितीने बांधलेला गोल डबा हजर होतो. तो खातो, ती विचारत राहते: भावंडं किती? त्यांच्यापैकी आणखी कुणी इथे आलंय का? तोंडात बोकाणा भरलेला, बोटं चिकट, आणि पोरगा सगळं सांगून मोकळा. मिठाई मंतरलेली असते. एकदा चव लागली की आणखी हवी, आणि मिळत राहिली तर माणूस खाऊन खाऊन मरेल. पुढे ही बाई चेटकीण आहे हे त्याला कळतं, पोटात कसंसं होतं, तरी डोक्यात डबाच.

हे पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई रेशनवर होती. ते रेशनिंग उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. म्हणजे ज्या मुलांनी हे प्रथम वाचलं त्यांना डबाभर मिठाई एकट्याने खाणं ही राजवाड्याहून मोठी गोष्ट वाटली असणार.

एकदा माझ्या भाचीने परदेशाहून टर्किश डिलाइट आणलं. मी तो डबा शनिवारी घेऊन गेले. पोरांचा पार हिरमोड झाला. “हा तर बॉम्बे हलवा, नुसता गुलाबाचा वास मारलाय!” पिठीसाखर सतरंजीवर सांडली आणि मुंग्या आल्या ते वेगळंच. पण बोटं चाटता चाटता एक मुलगी म्हणाली, “शी! याच्यासाठी त्याने बहीण-भावांना विकलं?” पाप या विषयावरची कितीतरी प्रवचनं मी ऐकली आहेत, सर्व धर्मांची. या एका वाक्याच्या जवळपास जाणारं एकही आठवत नाही. आणि त्या प्रसंगात पाप हा शब्द कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या.

आता तुमच्या गृहस्थांना खटकणारा भाग. एडमंडने दगा दिला, आणि नार्नियाच्या जुन्या कायद्याप्रमाणे प्रत्येक दगाबाजाचं रक्त चेटकिणीच्या हक्काचं. ती येऊन तो हक्क मागते. अस्लान तिच्याशी एकांतात बोलतो, एडमंड सुटतो. रात्री अस्लान एकटाच दगडी चौथऱ्याकडे चालू लागतो. एडमंडच्या दोघी बहिणी, सुझन आणि धाकटी लूसी, अस्लानच्या मागोमाग जातात आणि लपून बघतात: त्याची आयाळ भादरली जाते, मुसकं बांधलं जातं, दोरखंडांनी आवळून त्याला मारलं जातं, आणि तो पंजाही उचलत नाही. पहाटेपूर्वी छोटे उंदीर येऊन त्याच्या अंगावरचे दोर कुरतडू लागतात. थोरलीला आधी किळस येते, मग धाकटीच्या लक्षात येतं की ते त्याला सोडवतायत. सूर्य उगवतो आणि चौथरा मधोमध दुभंगतो. काळाच्याही आधीचा एक कायदा चेटकिणीला ठाऊक नव्हता: ज्याने दगा दिलेला नाही असा कुणी दगाबाजाच्या जागी आपणहून मेला, तर मरण उलटं फिरू लागतं.

येशूचं क्रुसावरचं मरण आणि पुनरुत्थान ज्याने लहानपणापासून ऐकलंय त्याला हे ताबडतोब ओळखू येतं. आमच्या शनिवारच्या मुलांपैकी बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं. ती काही वेळ गप्प बसतात आणि मग हमखास प्रश्न येतो. “पण बाई, चूक एडमंडची. सिंह का मरतो? हे फेअर नाही.”

बरोबर आहे, फेअर नाहीच. आपण ‘करावे तसे भरावे’ ऐकत मोठे झालो. आपल्या कहाण्यांतही उतलं-मातलं की फळ मिळतं, मग उपरती, मग व्रत, मग सगळं पूर्ववत. आपली बाजू आपणच निस्तरायची. इथे एक मुलगा काहीही न निस्तरता सुटतो आणि कुणीतरी त्याची किंमत मोजतो. मराठी घरातलं मूल इथे अडखळतं, आणि मला तर वाटतं की ते अडखळणं म्हणजेच ओढ. त्याला पटलेलं नसतं, पण विसरताही येत नाही. ख्रिस्ती घरातल्या मुलाचं उलटं होतं. त्याने ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलेली असते की तिचा आवाजच येईनासा झालेला असतो. सिंहाची आयाळ भादरतात तेव्हा त्याला पहिल्यांदा ती ऐकू येते.

लुईस यांनी १९५६च्या एका लेखात हे साधारण असंच मांडलं आहे. लहानपणी त्यांना सांगितलं जाई की देवाबद्दल, ख्रिस्ताच्या यातनांबद्दल अमुक वाटलंच पाहिजे. ‘वाटलंच पाहिजे’ म्हटलं की वाटणं थिजतं. खालच्या आवाजात, आजारपणाबद्दल बोलावं तसं बोलणं आलं की आणखीनच. मग हीच गोष्ट चर्च आणि रविवारची शाळा यांपासून दूर, एका काल्पनिक जगात नेली, तर मनाच्या दारावर बसलेल्या त्या राखणदार ड्रॅगनांना चुकवून आत शिरता येईल का? आपल्याकडे सत्यनारायणाची कथा चालू असताना पोरांचं लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे का असतं, याचं उत्तरही यातच आहे.

लुईस स्वतः याच चोरवाटेने आत आले होते. कोवळ्या वयात ते पक्के नास्तिक होते. १९१६ साली एका रेल्वे स्टेशनच्या पुस्तकांच्या ठेल्यावर त्यांना जॉर्ज मॅकडोनाल्ड यांची ‘फँटास्टिस’ ही १८५८ची अद्भुतकथा मिळाली. तिने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा केला, बाकीच्या आपल्याला वेळ लागला, असं त्यांनी पुढे लिहिलं. तो वेळ पंधरा वर्षांचा. सप्टेंबर १९३१ मध्ये ऑक्सफर्डला एका रात्री ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले जे. आर. आर. टोल्कीन आणि ह्यूगो डायसन यांच्याबरोबर फिरताना वाद रंगला. लुईसचं म्हणणं, पुराणकथा सुंदर, पण खोट्या. टोल्कीन यांचं म्हणणं, मरून उठणाऱ्या देवाची गोष्ट परक्या पुराणात वाचताना तू हेलावतोस, मग तीच बायबलमध्ये आली की का आखडतोस? ही गोष्टही तशीच आहे, फक्त ही घडली आहे. थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती झाले. मुद्दा असा, की ज्या वाचकाला त्यांनी पुढे गाठायचं ठरवलं तो वाचक आधी ते स्वतःच होते.

‘रूपक’ हा शब्द मात्र त्यांना स्वतःच्या पुस्तकांसाठी मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, निराशेला माणसाचं रूप देऊन राक्षस केलं की ते रूपक. अस्लान तसा नाही. नार्नियासारखं जग खरंच असतं आणि देवाच्या पुत्राने तिथे देह धारण केला असता, तर तो कसा असता? ही ‘समजा असं झालं तर’ या जातीची गोष्ट. इंग्रज वाचकाला हा फरक समजावताना मला घाम फुटला असता. मराठी मुलांना एका शब्दात कळतो: अवतार. जनावरांच्या जगात आला तर जनावर होऊन येणार, त्यात काय विशेष? सिंह म्हटल्यावर कुणीतरी “नरसिंह!” असं ओरडतंच. मग आम्ही जरा वेळ त्यावर घालवतो. नरसिंह खांबातून येतो तो मारायला. अस्लान आधी मरायला येतो, मारणं नंतर. दोन्ही सिंह, दोन्ही देव, पण ज्याला वाचवायचं तो एकीकडे प्रल्हाद आणि दुसरीकडे एडमंड. प्रल्हादाला वाचवणं समजतं. एडमंडला कशाला वाचवायचं? परत तोच प्रश्न.

ज्या राक्षसाचं उदाहरण लुईस देतात तो आहे जॉन बन्यन यांच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मधला, पहिला भाग १६७८, दुसरा १६८४. हे पुस्तक म्हणजे शुद्ध रूपक. नायकाचं नावच ख्रिश्चन, पाठीवर ओझं, विनाशनगरातून स्वर्गनगराकडे चाललाय. वाटेत निराशेचा चिखल, दिखाऊपणाची जत्रा, आडमुठे, आशावंत असे नावासकट गुण चालताबोलता भेटतात. असं वर्णन केलं की वाटतं, कोण वाचणार? तरीही इंग्रजीत बायबलखालोखाल घराघरांत असलेलं हे पुस्तक होतं आणि दोनशेहून अधिक भाषांत गेलं. मराठीत ते हरी केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ सालीच आणलं. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. म्हणजे आपली कादंबरी नीट जन्मायच्या आधी मराठी वाचकाच्या हातात ख्रिस्ती रूपककथा होती. (आणि त्याच्याही सव्वादोनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात येशूची गोष्ट ओव्यांत लिहून ‘ख्रिस्तपुराण’ छापलं होतं. तिथे काम उलटं: गोष्ट परकी, बैठक आपल्या पुराणाची.)

बन्यन का टिकले, ते एका प्रसंगात दाखवते. ख्रिश्चन आणि त्याचा सोबती वाट सोडून बऱ्या दिसणाऱ्या रानातून जातात आणि निराशा-राक्षसाच्या हाती सापडतात. तो त्यांना संशयगडाच्या अंधारकोठडीत टाकतो. बुधवार सकाळ ते शनिवार रात्र. अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही. राक्षस रोज रात्री बायकोशी सल्लामसलत करतो, ती सांगते, चांगले बडव. तो बडवतो. मग ती सांगते, त्यांना म्हणावं, जीव द्या. तोही निरोप तो पोचवतो. या राक्षसाला एक खोड आहे: लख्ख ऊन पडलं की त्याला झटके येतात आणि हात लुळा पडतो. ज्याने निराशेचे दिवस काढलेत त्याला हे वाक्य कुणी समजावून सांगावं लागत नाही. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थना करू लागतात, आणि पहाटे ख्रिश्चनला आठवतं: अरे, माझ्या छातीशी तर किल्ली आहे! वचन नावाची. इतके दिवस होतीच. दारं उघडत जातात, पण शेवटच्या लोखंडी फाटकाचं कुलूप भलतंच जड जातं.

ते जड कुलूप मला बन्यन यांची सही वाटते. नुसता उपदेशक असता तर वचनाच्या किल्लीने फाटक फुलासारखं उघडलं असतं. बन्यन भांडी सांधणारे, कल्हईवाल्यांच्या जातकुळीतले कारागीर. धातूचा हट्ट त्यांना हाताने माहीत होता. आणि तुरुंगही माहीत होता. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून १६६० पासून बारा वर्षं ते बेडफर्डच्या तुरुंगात होते. पुन्हा प्रवचन करणार नाही एवढं कबूल केलं असतं तर घरी जाता आलं असतं. घरी एक आंधळी मुलगी होती. किल्ली जवळ असून आत बसणं म्हणजे काय, हे त्यांनी ऐकून लिहिलेलं नाही.

आपल्याला हा प्रकार परका नाही. कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या अकराव्या शतकातल्या संस्कृत नाटकात विवेक आणि महामोह रंगभूमीवर लढतात. एकनाथांचं भारूड तर कुणालाही पाठ: ‘विंचू चावला, वृश्चिक चावला, काम क्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’. बघा, इथेही घाम अंगालाच आला. भारुडात विंचू कोण हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं, तरी दाटलेल्या गर्दीत बाई कळवळून नाचते तेव्हा कुणी म्हणत नाही की अर्थ कळला, आता पुरे. रूपकाचा अर्थ लवकर कळल्याने काही बिघडत नाही. डंख मात्र खरा असावा लागतो.

टोल्कीन यांनी तर जाहीरच सांगितलं होतं की आपल्याला रूपक मुळीच आवडत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी भेद केला आहे तो असा: रूपकात लेखक वाचकाला बांधतो, गोष्टीतून आपापल्या जगण्याला जे लागू पडेल ते घेण्यात वाचक मोकळा असतो. पण हेच टोल्कीन १९५३ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका मित्राला लिहितात की ही कलाकृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत, फेरलेखनात जाणूनबुजून. पुस्तकात देऊळ नाही, चर्च नाही, कुणी पूजा करताना दिसत नाही. धर्म गेलाय गोष्टीच्या हाडांत. जी दुष्ट अंगठी नष्ट करायला नायक फ्रोडो निघालेला असतो ती नष्ट होते ती तारीख २५ मार्च, म्हणजे येशू जन्मणार हे देवदूताने मारियेला सांगितलं तो सण. लाखो वाचकांना याचा पत्ताही नसतो आणि काही अडत नाही. त्यांना आठवतं ते काय? गळ्यातल्या साखळीतली अंगठी रोज थोडी जड होत जाते ते. आणि ऐन कड्यावर फ्रोडो हरतो ते. एवढं चालून आल्यावर तो अंगठी टाकत नाही, ‘माझी’ म्हणतो. काम होतं ते गॉलम या अंगठीने पछाडलेल्या जिवामुळे, ज्याला पूर्वी दोन-दोनदा केवळ दया येऊन जिवंत सोडलेलं असतं. आपल्या ताकदीने शेवटचं पाऊल पडलं नाही, कधीतरी केलेली दया मागून येऊन उभी राहिली. कॅथलिक वाचक याला एका नावाने ओळखेल, दुसरा कुणी दुसऱ्या. तिसरा नुसता रडेल.

टोल्कीन यांना नार्निया आवडलं नव्हतं, हे जाता जाता सांगून ठेवते. मित्र असले म्हणून काय झालं.

मग फसवणुकीचं काय? कारण तुमच्या प्रश्नामागे ती भीती आहे, आणि ती वेडगळ नाही. लहानपणी नार्नियावर जीव टाकलेल्या कितीतरी वाचकांना सोळाव्या-सतराव्या वर्षी कळतं की अस्लान म्हणजे येशू, आणि त्यांना गंडवल्यासारखं वाटतं. माझ्या एका विद्यार्थिनीने चिडून ते पुस्तक रद्दीत घातलं होतं. राखणदारांना चुकवून आत शिरणं ही चोराची उपमा लेखकानेच वापरली, तेव्हा वाचकाने चोर म्हटलं तर रागवायचं कशाला? मी तिची समजूत घालायच्या भानगडीत पडले नाही. चार वर्षांनी तिने नवी प्रत घेतली. का, ते मी विचारलं नाही, पण मला वाटतं की मिठाई, उंदीर आणि बर्फ या गोष्टी ‘अस्लान म्हणजे येशू’ या समीकरणात मावल्या नाहीत. उरल्या.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती माझीही आहे. १९५४च्या ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये कॅलोरमेन नावाचा देश येतो. तिथले लोक सावळे, पागोटी घालणारे, वाकड्या तलवारींचे, गुलाम विकणारे, आणि त्यांची देवता टॅश क्रूर. शनिवारच्या एका मुलीने विचारलं, “वाईट लोक आपल्यासारखे का दिसतात?” मी सांगितलं, कारण लेखक त्याच्या काळातला इंग्रज होता आणि इथे त्याने विचार करायचा आळस केला. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. शेवटच्या पुस्तकात मोठ्या झालेल्या सुझनला लिपस्टिक आणि नायलॉनच्या मोज्यांची आवड लागली म्हणून ती नार्नियाची उरली नाही, हाही भाग मला दरवेळी बोचतो. फिलिप पुलमन यांच्यासारख्या लेखकाने या सगळ्यावर कडक टीका केली आहे. ती वाचावी.

पण त्याच शेवटच्या पुस्तकात एक कॅलोरमेन तरुण आहे, एमेथ. जन्मभर त्याने टॅशची मनापासून भक्ती केली. अस्लान समोर येतो तेव्हा त्याला वाटतं, संपलं, आयुष्यभर आपण दुसऱ्याच देवाला भजलो. सिंह त्याला म्हणतो, तू टॅशला म्हणून जे चांगलं केलंस ते माझ्या खात्यात जमा आहे. गीतेचा नववा अध्याय माहीत असलेला मराठी वाचक इथे थबकतोच: ‘येऽप्यन्यदेवताभक्ता यजन्ते श्रद्धयान्विताः’, श्रद्धेने दुसऱ्या देवांना भजणारेही मलाच भजतात, विधी सोडून का होईना. ज्ञानेश्वर त्यावर म्हणतात, फांद्या-पानं एकाच बीजाची खरी, पण पाणी घालायचं ते मुळाला. लुईस मात्र ‘सगळे देव एकच’ म्हणायला तयार नाहीत. टॅश आणि अस्लान एकच, असं त्या पुस्तकात लबाड लोक म्हणतात. अस्लानचं म्हणणं असं की आम्ही दोघे इतके उलट आहोत की चांगलं काम टॅशच्या नावाने होऊच शकत नाही, कुणी केलं तरी ते माझ्याकडेच येतं. देव वेगळा धरायचा आणि भक्त आपला म्हणायचा. कर्मठ ख्रिस्ती वाचकांना हा प्रसंग पचत नाही आणि आपल्याला तो जरा जास्तच सहज पचतो. दोघांनीही दोनदा वाचावा.

या जातीची सगळीच पुस्तकं चांगली असतात असं समजू नका. बरीच भिकार असतात. ओळखायची खूण सोपी आहे: वाचकाला अर्थ कळणार नाही या धास्तीने लेखक दर दहा पानांनी खांद्यावर थोपटत राहतो. चांगली पात्रं बोलू लागली की वचनं बोलतात, वाईट पात्रांना भूक-तहान नसते, आणि शंका घेणाऱ्याला प्रकरण संपायच्या आत उत्तर मिळतं. बन्यन यांचा नायक चार दिवस कोठडीत सडतो. त्यांच्या नकलाकारांचा नायक संध्याकाळी सुटतो.

तर, मुलीला वाचू द्यायचं का? द्यायचं. सिंह कोण हे आधी सांगू नका आणि तिने विचारलं तर लपवूही नका. क्रम छापून आला तसाच ठेवा, म्हणजे कपाटापासून सुरुवात. हल्लीच्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर १ आकडा असतो, कारण त्यातली घटना आधीची आहे. पण कपाटाचं दार पहिल्यांदा उघडून हाताला फरकोटाऐवजी झाडाची फांदी लागते ती गंमत मग जाते. गृहस्थांना सांगायचंच असेल तर हे सांगा: १९५५ साली अमेरिकेतल्या एका आईने लुईस यांना कळवलं की माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला काळजी लागली आहे, त्याला येशूपेक्षा अस्लान जास्त आवडतो. लुईस यांनी धीर देणारं पत्र लिहिलं. म्हणजे ही चिंता तिकडच्या घरांतही होती, फक्त उलट्या बाजूने.

आणि तिला काय सापडलंय हे खरंच बघायचं असेल, तर तिसरं पुस्तक उघडा, ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’. युस्टेस नावाचा किरकिरा, आपमतलबी मुलगा ड्रॅगनच्या खजिन्यावर ड्रॅगनसारखेच विचार करत झोपतो आणि उठतो तो ड्रॅगन होऊन. दंडात घातलेलं सोन्याचं कडं आता फुगलेल्या पायात रुतलेलं असतं. एका रात्री सिंह त्याला डोंगरावरच्या पाण्यापाशी नेतो आणि सांगतो, आधी कपडे काढ. तो नखांनी खवले खरवडतो, सापाची कात निघावी तशी कातडी निघते. खाली आणखी एक कातडी. ती काढतो, खाली तिसरी. मग सिंह म्हणतो, मला काढू दे. त्याचं पहिलं नख इतकं खोल जातं की युस्टेसला वाटतं काळजापर्यंत पोचलं. भयंकर दुखतं, आणि त्यातच ते निघतंय याचं सुख असतं. खपली काढताना होतं तसं, असं तो सांगतो.

मी हे वाचलं त्या शनिवारी सतरंजीवर बसलेल्या अर्ध्याअधिक पोरांनी आपापले गुडघे बघितले. एकाने खपलीला हात घातला आणि शेजारच्या मुलीने त्याच्या हातावर चापट मारली. बाप्तिस्मा, कृपा, पश्चात्ताप यांतला एकही शब्द मी उच्चारला नव्हता. पुढे लेखक एवढंच म्हणतो की युस्टेस एकदम चांगला झाला नाही, नंतरही बरेच दिवस तो चिडका वागायचा, पण गुण यायला लागला होता.

सातवं प्रकरण आहे. तिला मोठ्याने वाचायला सांगा, आणि मध्ये बोलू नका.